जिभाऊची सव्वा मूठ

साक्री-धुळे लाइनीवर जीवरामची काळी-पिवळी जीप ज्यानं पाहिली नाही, तो माणूस त्या बाजूचा नाहीच समजा. जीवराम हे नाव फक्त लायसनवर. स्टँडवर, गावात, टपरीवर सगळीकडे तो जिभाऊ. जीप कागदावर नऊ माणसांची, पण जिभाऊनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. एक जण त्याच्या उजव्या अंगाला दाराबाहेर अर्धं बूड काढून, डाव्या अंगाला तिघं, मागं बायाबापड्या, कोंबड्या, दुधाच्या किटल्या, टपावर कांद्याची गोणी आणि तिच्यावर एखादा नवरदेव. गिअर टाकायचा तर आधी कुणाच्या तरी गुडघ्याला विचारावं लागायचं. असा माणूस. एकट्यानं बसून चहा प्यायलाय असं त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. बायको इंदू होती तोवर घरीही तेच, आणि इंदू गेली तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन निघाला. घरात बसला असता तर भिंतींनी खाल्लं असतं त्याला.

आणि त्याच माणसाला आता जळगावात रोज एका खोलीत नेत होते, टेबलावर निजवत होते, आणि मग सगळेच्या सगळे खोलीबाहेर पळत होते. दार केवढं! हातभर जाडीचं. ते लागलं की आतला माणूस आत, जग बाहेर.

झालं असं होतं. उन्हाळ्यात साक्रीच्या स्टँडवर जीप भरत होती, जिभाऊ बोनेटला टेकून तंबाखू मळत होता, आणि मळता मळताच खाली पडला. हातपाय झाडायला लागला, तोंडाला फेस. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली. देवाची कृपा म्हणा, गाडी उभी होती. घाटात असती तर अठरा घरं उघडी पडली असती. नाशिकला फोटो काढला, तर डोक्यात गाठ. कवटी उघडून तुकडा काढला, तपासायला पाठवला. साधी गाठ असेल असं आधी वाटलं होतं, पण रिपोर्ट आला तो वेगळाच. लिम्फोमा.

जळगावच्या डॉक्टरनं त्याला समोर बसवून नीट सांगितलं. डॉक्टर चांगला होता, घड्याळाकडे बघत नव्हता. म्हणाला, "जिभाऊ, मेंदूवर एक पातळ साल असते, त्या सालीला हे झालंय. मेंदूच्या आत नाही. आणि ही जात आळशी आहे, फार हळू वाढते. औषधांच्या सलाइनी नकोत, थोडे दिवस किरणांचा शेक द्यायचा, बस. बहुतेकांना बरं होतं."

"बहुतेकांना म्हणजे किती जणांना?"

डॉक्टर हसला. "तेच तर. फार जणांना होतच नाही हा. माझ्या हाताखाली तुम्ही दुसरे."

"पहिला कुठाय?"

"आहे की. शेती करतो यावलकडे. दरसाल दाखवून जातो."

जिभाऊ गावी आला आणि पारावर त्यानं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. साल, आळशी, हळू, शेक. लोकांनी मान हलवली. पण त्यांनी ऐकलं काय, तर मेंदूचा कॅन्सर. पुढचं कुणाच्या कानात शिरलंच नाही. 'हळू शे' म्हणजे डॉक्टर लोक पेशंटचं मन राखायला बोलतात, एवढंच. त्या दिवसापासून माणसं त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागली. त्याला शिव्या देणं बंद झालं. ज्यानं चार वर्षं बांधावरून भांडण लावलं होतं, तो घरी येऊन केळी ठेवून गेला. जिभाऊला त्या केळ्यांची फार भीती वाटली.

जळगावात राहायची सोय प्रकाशचंद शेठच्या धर्मशाळेत झाली. दवाखान्याला येणाऱ्या लोकांसाठीच होती ती. खोली लहान, खाट लोखंडी, खिडकीतून केळीच्या ट्रकांचा रस्ता दिसायचा. शेठची आई प्रेमकुंवरबाई तिथलं स्वयंपाकघर बघायची. पंच्याऐंशीची म्हातारी, पण ओरडली की रस्त्यावरचा ट्रक थांबावा.

दवाखान्यात बाकावर माणसांची एक भाऊबंदकीच बसलेली असायची. गळ्यावाले गळ्यावाल्यांशी बोलायचे. गालावाले तंबाखूला शिव्या घालायचे. बायकांचा वेगळा घोळका, त्या एकमेकींना पदराआडून दाखवायच्या कुठं काळं पडलंय ते. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न, "तुमचं कुठलं?" मग आपल्या आपल्या ओळीत सरकून जागा द्यायचे. जिभाऊनं सांगितलं, "डोक्याच्या सालीचा लिम्फोमा." एक गळ्यावाला म्हणाला, "लिम्फोमा तर मानेत होतो, काखेत होतो. माझ्या साडूला झालता." जिभाऊ म्हणाला, "माझा चुकून वरच्या माळ्यावर गेलाय." हसले लोक. पण जागा कुठल्या ओळीत द्यायची ते त्यांना समजलं नाही, आणि जिभाऊ बाकाच्या टोकाला बसला तो तिथलाच झाला.

आतली बाई होती ज्योती. मशीन तीच चालवायची. पहिल्या दिवशी तिनं गरम पाण्यातून एक जाळीदार प्लास्टिक काढलं, मऊ, वाफाळलेलं, आणि त्याच्या तोंडावर ताणून बसवलं. नाक, गाल, हनुवटी, सगळ्यावर दाबलं. गार झालं तसं ते कडक झालं, हुबेहूब त्याचं तोंड. मग तो मुखवटा टेबलाला चारी बाजूनं खटखट अडकवला, की डोकं सुतभर हलायला नको.

"मांडा केला बाई माझा," तो मुखवट्याच्या आतून बोलला. "खापरावर टाकतात तसा."

ज्योतीला हसू आवरेना. तीही पारोळ्याकडची, मांडे तिला माहीत. "बोलू नका जिभाऊ, मांडा फाटेल."

मग ती गेली. दार लागलं. मशीन गुरगुरत डोक्याभोवती फिरायला लागलं. ना दुखायचं, ना पोळायचं. फक्त एकटं वाटायचं, आणि असं एकटं की इंदूच्या सरणावरून परत येतानाही वाटलं नव्हतं. वर कुठंतरी भोंग्यातून ज्योतीचा आवाज यायचा, "छान, हलू नका." तेवढ्या आवाजासाठी तो कान लावून पडून राहायचा. रोजचं तसं काही मिनिटांचंच काम. पण त्या मिनिटांत त्याच्या मनात एकच यायचं. डॉक्टर खरं बोलतो की गाव?

नागपंचमी झाली आणि कानबाई जवळ आली.

ज्यांच्या घरी कानबाई बसत नाही त्यांना सांगायला पाहिजे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात ही देवी घरी येते. नारळाला नथ घालायची, लुगडं नेसवायचं, पाटावर बसवायचं, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. पण खरी गोष्ट रोटांची. घराण्यात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे आणि दळायचे. पोरगा पाळण्यात असला तरी त्याची मूठ. त्या पिठाचे रोट घराण्यातल्याच माणसांनी खायचे, बाहेरच्याला तुकडा नाही, आणि पुनवेपर्यंत सगळं पीठ संपवायचं. त्या दिवसांत मूठ पडलेल्यांपैकी कुणी मेलं तर सगळ्या घराण्याचे रोट मोडले. मग पुढं किती वर्षं बसतील, कसे सुरू होतील, तो मोठा घोळ.

आणि जिभाऊच्या घराण्यात आणखी एक होतं. ज्याची मूठ त्यानंच टाकायची. गडी परगावी असला तर त्याच्या बायकोनं. जिभाऊ सगळी वर्षं जीपवर, तर त्याची मूठ इंदूच टाकायची. आपल्या बारक्या हातानं सव्वा घ्यायची आणि वर आणखी चिमूट टाकायची, म्हणायची, त्यांचा पंजा मोठा आहे. इंदू गेल्यावर तो त्या दिवशी जीप उभी करून स्वतः घरी बसू लागला होता. दळण शुक्रवारी सकाळी.

बुधवारी त्यानं वहिनीला फोन लावला. मोठा भाऊ निंबा, त्याची बायको दिवालीबाई. जिभाऊचं जेवण तिच्याच हातचं.

"वहिनी, दयन शुक्कीरवारलेच शे ना?"

"हाव. तुम्ही येतस ना? तुमनी मूठ कोन टाकी?"

"माले शनवार-रविवार सुट्टी शे. शुक्कीरवारले मशीन शे."

पलीकडे नुसती बांगड्यांची खुळखुळ ऐकू आली. मग वहिनी म्हणाली, "मंग कसं करो जिभाऊ? मनी मूठ तर चालाव नही." तिचं खरं होतं. भावजयीची मूठ दिराला चालत नाही.

गुरुवारी सकाळी मुखवटा अडकवायच्या आधी त्यानं ज्योतीला विचारलं, "ताई, उद्याचा एक दिवस राहिला तर? सोमवारी डबल द्या."

"हे काय एसटीचं तिकीट आहे का, उद्याचं परवा चालायला?" ज्योती म्हणाली. "रोजचा शेक ठरलेला असतो. शनिवार-रविवार मशीनच बंद, तेवढी सूट पुष्कळ झाली. काय आहे उद्या घरी?"

"गहू दळायचे आहेत."

तिच्या घरी कानबाई बसत नव्हती, तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तिनं मुखवटा बसवला.

त्या दिवशी टेबलावर पडल्या पडल्या जिभाऊला सुचलं. आयुष्यभर त्यानं काय केलं होतं? लोकांचे डबे पोचवले, औषधाच्या बाटल्या पोचवल्या, कॉलेजच्या पोरीचा विसरलेला चष्मा पोचवला, एकदा तर लग्नाची हळद मांडवात पोचवली, पावती नाही, चिठ्ठी नाही, नुसतं 'अमक्याचं आहे' म्हणायचं आणि पुढच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. या लाइनीवर एक वस्तू कधी हरवली नाही. मग स्वतःची मूठ का जाऊ नये? आपल्या हातानं घेतलेली, आपल्या हातानं बांधलेली. ती वहिनीनं फक्त सोडायची.

गहू हवे होते. प्रेमकुंवरबाई ओसरीवर गव्हाचं पोतं उघडून बसली होती. त्यानं सांगितलं सगळं. म्हातारीनं डोळे बारीक केले. "अरे जिभाऊ, एवढंच ना! घे की, पोतंभर घे."

"मांगेल चालत नाही आई. कमाईचे पाहिजेत."

"मग बस समोर. निवडायला लाग. ही रिद्धी तर फोनमध्ये डोळे घालून बसते." रिद्धी म्हणजे तिची नात. ती आतूनच ओरडली, "दादीसा, मला ऐकू येतंय!"

दुपारभर जिभाऊनं गहू निवडले. खडा, काडी, काळा दाणा. ट्रक जात होते. म्हातारी तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगत होती, तीच ती, पण ऐकायला माणूस होतं आणि सांगायला माणूस होतं. शेवटी जिभाऊ उठला, हात धुतले आणि पोत्यात पंजा घातला. भरली मूठ. मग पाव. आणि मग, का कुणास ठाऊक, आणखी एक चिमूट. नव्या रुमालात बांधलं, घट्ट दोन गाठी मारल्या.

स्टँडवर धुळ्याच्या एसटीचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला नाही, पण त्याला फरक पडला नाही. "धुळ्याला जीप स्टँडवर हितेंद्रला द्या. म्हणावं जिभाऊचं आहे." हितेंद्र म्हणजे आता त्याची जीप चालवणारा. ड्रायव्हरनं रुमाल हातात तोलून पाहिला, "काय आहे यात?" "मी आहे," जिभाऊ म्हणाला. ड्रायव्हर हसला आणि रुमाल समोरच्या काचेशी ठेवला.

दिवेलागणीला हितेंद्रचा फोन आला. "दिली जिभाऊ. निंबादादाच्या हातात दिली. वहिनी नदीवर गेलती."

त्या रात्री जिभाऊ गाढ झोपला.

शनिवारी गावी गेला तो हितेंद्रच्याच जीपमधून. स्टेअरिंगजवळच्या जागी बसला, उलट्या बाजूला. रस्ता तोच, पण त्या बाजूनं कधी पाहिलेलाच नव्हता. डोक्यावर टोपी, कारण शेकाच्या जागेचे केस गळायला लागले होते. मागं बाया भरलेल्या, पण कुणी त्याच्या अंगावर रेलत नव्हतं. जागा सोडून बसल्या होत्या.

घर भरलेलं होतं. निंबाची पोरं सुरतेहून आलेली, धाकटा पिंटू कानबाईच्या मांडवाला दिव्यांची माळ लावत होता. धनाआबा, घराण्यातला सगळ्यात मोठा चुलता, ओसरीवर खाटेवर बसलेला. जिभाऊ पाया पडला. आबानं डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि टोपी पाहून खांद्यावर ठेवला.

निंबा मात्र समोर आलाच नाही. कधी गोठ्यात, कधी फुलांना, कधी वाणसामानाला. जिभाऊनं एकदा वहिनीला विचारायला तोंड उघडलं, पण ती दहा बायकांच्या मध्ये पुरण वाटत होती. हे काय चारचौघांत विचारायचं? टाकली का माझी मूठ? दुसऱ्या दिवशी पानावर समजणारच होतं.

रविवारी कानबाई बसली. आरती झाली. घराण्यातल्या पुरुषांची पंगत आतल्या खोलीत, देवीच्या पुढ्यात. बाहेर ओसरीवर जावई आणि शेजारीपाजारी. त्यांच्या पोळ्या वेगळ्या पिठाच्या, वेगळ्या दुरडीतल्या. जिभाऊ आतल्या पंगतीला शेवटी बसला. गंगाफळाची भाजी आली, खीर आली, कटाची आमटी आली. मग दिवालीबाई रोटांची दुरडी घेऊन निघाली. आबाला वाढलं. निंबाला वाढलं. पोरांना वाढलं. पिंटूला वाढलं. पिंटूच्या मांडीवरच्या पोराच्या नावानं एक तुकडा ठेवला.

जिभाऊच्या पानाशी ती थांबली. दुरडीवरचं फडकं एका हातात, आणि हात तसाच हवेत. आबा तिकडून खाकरला.

ती वळली, बाहेर गेली, आणि ओसरीवरच्या दुरडीतली पोळी घेऊन आली. गरम, फुगलेली. वर तुपाची धार धरली ती थांबेचना. पोळी पोहायला लागली.

सगळी पंगत खाली बघत होती. जिभाऊनं एकदा निंबाकडे पाहिलं. निंबा घास तोंडात धरून बसला होता, चावत नव्हता.

"वहिनी, पुरे," जिभाऊ म्हणाला. "पाव्हण्याले वाढतस तसं तूप वाढी राह्यनी तू."

आणि त्यानं जेवण केलं. सगळं केलं, पान स्वच्छ केलं, खीर दोनदा घेतली. उठून गेला असता तर देवीच्या पुढ्यात तमाशा झाला असता.

हात धुवायला तो मागच्या कडुनिंबाखाली गेला. आत बायकांनी गाणी धरली होती. हंडा भरलेला होता, तांब्या नव्हता. कुणीतरी मागून तांब्यानं पाणी घातलं. निंबा होता तो.

जिभाऊनं हात झटकले. मग निंबानं बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि रुमाल काढला. दोन्ही गाठी तशाच.

"टाकी नही मी," निंबा म्हणाला.

"दखायनं माले पानवर."

"आबा बोलना, पुनवपर्यंत याले काही कमी-जास्त झायं तर बठ्ठास्ना रोट मोडतीन. याना एकलाकरता बठ्ठा घराले कसाले..." निंबानं बंडीच्या बाहीनं तोंड पुसलं. पासष्टीचा माणूस, जिभाऊला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेला. "मी सुपडाजोडे बसनू. टाकू म्हनं, तर आबा दखी राह्यना. नही टाकू, तर मीच तुले... मीच माना भाऊले मारी टाका ना जित्तापनी. मंग खिसामा ठेयी दिना. तीन दिन व्हयनात, झोप नही."

जिभाऊनं रुमाल हातात घेतला. हलका होता. एसटीवाल्यानं तोलला तसा त्यानंही तोलला. त्याला राग यायला हवा होता, आणि आलाही होता, पानावर. पण ते गहू निंबाच्या खिशात तीन दिवस निंबाबरोबर गोठ्यात, शेतात, फुलांना हिंडले होते. घरातल्या दुसऱ्या कुणाची मूठ एवढी सांभाळली गेली नव्हती. त्यांच्या तर दळून खाल्ल्या.

"भाऊ, डॉक्टर म्हने, हाऊ आयशी शे. हळूहळू चालस."

"हाव, तू सांगं होतं."

"तू आयकं नही."

निंबानं तांब्या हंड्यावर ठेवला.

"मी बी आयकं नही," जिभाऊ म्हणाला. "आते आयकस." त्यानं वर हात करून कडुनिंबाचा एक डहाळा मोडला, पाला ओरबाडला आणि रुमालाची गाठ सोडली. दाणे तसेच होते, निवडलेले, एक खडा नाही. त्यात पाला घातला, परत बांधलं, आणि भावाच्या हातात दिलं. "ठेव. तुना पेटीमा ठेव. पुढला साल मीच टाकसू. पाला बदलत जाय, नहीतर किडा पडतीन."

निंबानं रुमालाकडे पाहिलं, मग त्याच्या टोपीकडे. "पुढला साल," तो म्हणाला. विचारलं की कबूल केलं, ते जिभाऊला कळलं नाही. पण रुमाल त्यानं परत खिशात घातला नाही. हातात धरूनच आत गेला, आबाच्या समोरून.

जिभाऊ कडुनिंबाखाली एकटाच राहिला. आत गाणी चढली होती. ती घराण्याची गाणी, त्यालाही येत होती, पण तो बाहेरच बसला.

सोमवारी उजाडताच हितेंद्रनं हॉर्न दिला. बाया कानबाई डोक्यावर घेऊन नदीकडे निघाल्या होत्या, पुढं ताशा. जीपला थांबावं लागलं. गर्दीतून दिवालीबाई बाजूला झाली, खिडकीतून हात घालून तिनं जिभाऊच्या मांडीवर एक डबा ठेवला आणि परत मिरवणुकीत पळाली. डब्यात भाकरी होती आणि ठेचा. रोट नव्हता. तेवढी मोडतोड तिच्यानं होणार नव्हती, आणि जिभाऊला ते पटलंही. घाट उतरेपर्यंत ताशा ऐकू येत होता, मग नुसतं इंजिन.

दुपारी त्याचा नंबर आला. ज्योतीनं विचारलं, "आलात का जाऊन? दळले का गहू?"

"नाही. पुढल्या वर्षावर टाकले."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढल्या वर्षी यायचंय म्हणून सांगून आलो."

तो टेबलावर पडला. मुखवटा बसला, चारी बाजूंनी खटखट झाली. गालावर जाळीचा ओळखीचा दाब आला. ज्योती निघाली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"जिभाऊ, हात सैल सोडा. मूठ कशाला आवळलीय?"

मुखवट्यातून नीट बोलता येत नव्हतं. तरी तो बोलला, "मुठीनं डोकं हलतं का ताई?"

"नाही."

"मग राहू द्या."

तिनं क्षणभर पाहिलं. मग दार लागलं, आणि मशीन फिरायला लागलं.